डावभर चरबी

मामांचं मटणाचं दुकान बंद झालं ते धंदा बसला म्हणून नव्हे, उजव्या हाताला कंप सुटला म्हणून. एकदा सत्तूर ओंडक्यावर पडायचा तो अंगठ्याच्या नखाला चाटून गेला. दुसऱ्याच दिवशी मामांनी छताचे आकडे उतरवले, काटा फडक्यात बांधून ठेवला आणि शटर खाली ओढलं. सगळी गल्ली त्यांना मामा म्हणायची आणि त्यांच्या बायकोला मामी. सख्खा भाचा त्यांना एकही नव्हता, पण नाव पडलं ते पडलं.

त्यांना एकच लेक होती. घरात तिला छकू म्हणत. या छकूनं शाळेत असतानाच मांस सोडलं. रडली नाही, भांडली नाही. एक दिवस ताटातली वाटी बाजूला सारून म्हणाली, "मला नको," आणि ते 'नको' पुन्हा कधी 'हो' झालं नाही. मामीनं गोंजारून विचारलं, मामांनी दटावून विचारलं. कारण काही कळलं नाही. गल्लीच्या हाती आयतं कोलीत मिळालं. खाटकाची पोर आणि गवत खाते! मामा वरवर ते हसण्यावारी न्यायचे, पण ते त्यांना लागायचं. ज्या धंद्यावर हिच्या अंगावर कापड चढतं, त्या धंद्याचा घास हिला चालत नाही? मोठी झाल्यावर तिनं दूध सोडलं, अंडी सोडली, मध सोडला, चामड्याच्या चपलासुद्धा सोडल्या. लग्न केलं तेही अशाच एका मुलाशी. बापलेकीत वैर असं नव्हतंच. बोलणं मात्र आटत गेलं. "बरी आहेस ना?" "बरी आहे. तुझा हात काय म्हणतो?" एवढ्यावर यायचं आणि थांबायचं.

म्हणून शटर बंद झाल्यावर काही महिन्यांनी छकू घरी येऊन म्हणाली, "बाबा, दुकान मला देशील?" तेव्हा मामांना आधी नीट ऐकू आलं की नाही हेच कळेना.

तिला आणि तिच्या नवऱ्याला त्या जागेत खिमा करायचा होता. वाटाण्याची पावडर, सोयाबीन, अळंबी, रंगाला बीट, वर खोबरेल. हे भिजवायचं, वाफवायचं, दळायचं, मळायचं आणि त्याचे पॅटीस थापायचे. मांस नावालाही नाही, पण खाणाऱ्याला मांस खाल्ल्याचं समाधान मिळालं पाहिजे. मामांना हसू आलं आणि रागही आला. पण दुकान बंद ठेवून तरी काय होत होतं? ओंडक्याला तेवढी वाळवी लागली असती. त्यांनी किल्ली दिली.

शेजारचा फळवाला मामांचा जुना दोस्त. त्याच्या तोंडाला कुलूप कधीच नसायचं. यंत्रं आत जाताना बघून तो म्हणाला, की नवऱ्याशी फारकत घ्यायची आणि त्याचाच फोटो उशाशी ठेवायचा, तशातली ही गत आहे. मांस नको तर त्याची चव कशाला हवी? छकूनं ते ऐकलं. ती त्याला काका म्हणायची. "काका, माझं भांडण चवीशी कधीच नव्हतं," ती म्हणाली. "सुरीशी होतं. मला मटण आवडायचं. न आवडणारी गोष्ट सोडायला काय अक्कल लागते?"

मामा आतल्या बाजूला स्टुलावर बसले होते. लेकीला मटण आवडायचं, हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा कळलं.

पहिले काही घाणे फुकट गेले. एक रबरासारखा झाला, एकाला ओल्या पुठ्ठ्याचा वास आला. मग एका सकाळी छकूनं बशी मामांपुढे धरली. "आम्हा दोघांनाही आता नीट आठवत नाही रे, मटण कसं लागतं ते. तुझी जीभ हवी मला."

मामांनी घास तोंडात घेतला, बराच वेळ चावला आणि सांगितलं, की दाणा फार बारीक दळलाय, चाळण मोठी लाव. तिनं लावली. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, कांदा आधी परतू नको, त्याचं पाणी आतच सुटू दे. तिनं तेही केलं. असं करता करता मामा रोज जाऊ लागले. सकाळी दाढी करून, धुतलेला सदरा घालून निघायचे. मामी दारातून बघत राहायची. निवृत्त माणसाला नोकरी लागली, असं ती शेजारणीला सांगायची, पण तिलाही ठाऊक होतं की हा आनंद नोकरीचा नाही. इतक्या वर्षांनी लेक बापाला काहीतरी विचारत होती आणि बाप जे सांगेल ते करत होती. दुपारी दोघं पायरीवर बसून चहा घ्यायची, तिचा बिनदुधाचा आणि यांचा दुधाचा, आणि जिभेच्या कुठल्या भागाला काय कळतं यावर वाद घालायची.

अडलं ते चरबीवर. खोबरेल तव्यावर पडलं की पळून जायचं आणि मागे राहायचा कोरडा चोथा. मामा म्हणायचे, की चव मांसात नसतेच मुळी, चरबीत असते. मांस आपलं दातांना काम. छकूनं नाना तेलं गोठवून पाहिली, तांदळाच्या पिठात घोळून पाहिली. पॅटीस बरा व्हायचा, चांगलासुद्धा व्हायचा. पण मामा घास गिळून क्षणभर गप्प राहायचे, आणि त्या गप्प राहण्यातच तिला काय ते कळायचं.

अशात जावयानं एक मोठा योग जुळवून आणला. शहराबाहेरच्या एका कारखान्याच्या कँटीनचा मुख्य आचारी चव बघायला येणार होता. त्याच्या हाताखाली एका वेळेला हजारभर ताटं निघायची. आठवड्यातून दोन दिवस जरी त्यानं यांचा खिमा लावला, तरी तेवढी जनावरं वाचली, असा छकूचा सरळ हिशेब होता. ती आठ दिवस नीट झोपली नाही. आणि ज्या दिवशी तो यायचा त्याच दिवशी सकाळी घाणा बिघडला. तेल सुटून परातीच्या कडेला जमलं आणि खिमा भुशासारखा मोकळा झाला. दुसरा घालायला ना वेळ होता ना अळंबी.

छकू भिंतीच्या फरशीला कपाळ टेकून नुसती उभी राहिली. मामांनी तिला असं कधी पाहिलं नव्हतं. लहानपणी पडायची तेव्हाही उठून आधी फ्रॉक झटकायची. मग ती वळली, म्हणाली, "जे आहे ते आहे. पाव आणि कोथिंबीर घेऊन येते," आणि पिशवी उचलून गेली. जावई आचाऱ्याला आणायला आधीच निघून गेला होता. दुकानात मामा एकटे उरले.

गल्ल्याखालच्या फळीवर मामांचा एक पत्र्याचा डबा होता. मेंढ्याच्या गुर्द्याभोवतीची चरबी घरी वितळवून, गाळून ते त्यात भरून ठेवायचे. सत्तूर गंजू नये, ओंडका तडकू नये म्हणून त्यावर हात फिरवायची सवय. आता सत्तूर चालत नव्हता, पण सवय सुटली नव्हती. मामांनी डबा काढला. झाकण उघडलं. आत पांढरीशुभ्र, घट्ट, बिनवासाची.

मनाला पटवायला माणसाला वेळ लागत नाही. आचारी काही पथ्याचा माणूस नाही, तो दिवसातून दोनदा मांस खातो, त्याला काय फरक पडतो? आजची वेळ निभावली की पुढचं पुढे. छकू आज ना उद्या तोडगा काढेलच, तोवर आपला एक आधार. आपण हयातभर विकलं तेच तर घालतोय, विष थोडंच आहे? मामांनी चरबी गॅसवर पातळ केली, एक डाव भरून खिम्यावर ओतली, पुन्हा अर्धा ओतला आणि हातानं मळायला घेतलं. नवल म्हणजे त्या वेळी हाताला कंप नव्हता. खिमा बोटांखाली एकजीव होत आला तसं त्यांना आतून बरं वाटलं. जुनं काम हाताला पुन्हा सापडावं तसं.

छकू आली तेव्हा पॅटीस थापून तयार होते. मामा एवढंच म्हणाले, की थोडा वेळ मुरू दिला, मग जमून आला. तिनं बोटानं दाबून बघितलं. तिचा चेहरा उजळला.

आचारी जाडजूड, कमी बोलणारा माणूस. त्यानं पहिला पॅटीस उभ्या उभ्याच खाल्ला, दुसरा बसून खाल्ला आणि तिसरा मागितला. मग हात पुसत विचारलं, की यात मांस नाही, हे नक्की ना? जावई हसला. छकू हसली. मामांनीही हसल्यासारखं केलं. आचाऱ्यानं पुढच्या महिन्यापासून सुरू करू म्हणून सांगितलं, अट एकच, चव हीच पाहिजे. तो गेला. आणि मग मामांनी ज्याचा विचारच केला नव्हता, किंवा करायचं टाळलं होतं, ते घडलं. छकूनं तव्यावरचा उरलेला पॅटीस उचलला आणि अर्धा मोडला.

ती मामांच्या अगदी पुढ्यात उभी होती. हात लांब केला असता तर तो तुकडा त्यांना काढून घेता आला असता. मामांनी तोंड उघडलं. आणि निघालं ते एवढंच, "पाणी देऊ का तुला?"

छकूनं मान हलवली. ती डोळे मिटून चावत होती. शाळेतल्या त्या 'नको'नंतरचा तिचा जनावराचा पहिला घास खाली उतरताना मामांनी पाहिला. गळ्याची हालचालसुद्धा दिसली. "बाबा," ती म्हणाली, "जमलं रे." आणि तिनं मामांना मिठी मारली. मामांच्या हातांचा चरबीचा ओशटपणा अजून गेला नव्हता, म्हणून त्यांनी ते तिच्या पाठीपासून दूर धरले.

उरलेला घाणा तिनं रविवारच्या मेळाव्याला नेला. प्राण्यांपासून आलेलं काहीच न खाणारी ही मंडळी महिन्यातून एकदा एका शाळेच्या हॉलमध्ये जमायची. प्रत्येकानं काहीतरी करून आणायचं आणि मिळून खायचं. मामांना छकूनं आग्रहानं नेलं. खरं तर त्यांना पोट बिघडल्याचं सांगून घरी राहता आलं असतं, किंवा डबे नेताना जिन्यात पाय घसरल्याचं सोंग करता आलं असतं. हे सगळं त्यांच्या डोक्यात येऊन गेलं. आणि ते डबे दोन्ही हातांनी जपून धरून जिना उतरले.

हॉलमध्ये वाद रंगला होता. एक तरुण म्हणत होता, की हे नकली मांस आणखी चांगलं झालं की खाटीकखाने आपोआप बंद पडतील. गाण्याच्या एक निवृत्त बाई होत्या, त्यांना ते पटत नव्हतं. ही पावडर कुठल्या शेतात उगवते, असं त्यांनी विचारलं. कारखान्यातलंच खायचं तर डाळ-भाजीनं काय घोडं मारलंय? छकूनं त्यांच्यापुढे बशी धरली. बाई नको नको म्हणत एक घास घेत्या झाल्या, मग दुसरा. मग त्यांनी चष्मा काढला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांची आई गेली त्या वर्षापासून त्यांनी मांस सोडलं होतं आणि ही चव त्यांच्या आईच्या हातची होती. "आणि कुणाचा जीव न घेता," बाई मामांना म्हणाल्या, कारण मामाच जवळ होते. मामांनी खिशातला रुमाल काढून त्यांना दिला.

मन खातं असं आपण सहज म्हणतो. मामांना ते त्या आठवड्यात कळलं. इतकी वर्षं दुसऱ्यांना घास पुरवणारा माणूस, त्याच्या घशाखाली घास उतरेना. आरशात दाढी करताना ते स्वतःशीच वाद घालायचे. काय झालं? कुणी आजारी पडलं? कुणाला कळलं तरी? आणि प्रत्येक वेळी तो गळा दिसायचा, मिटलेले डोळे दिसायचे. तिला हे खाऊ घालण्यासाठी आपण एकेकाळी धमक्या दिल्या, लालूच दाखवली, आणि तेव्हा हरलो. आता जिंकलो म्हणायचं का?

तिकडे दुकानात वेगळंच सुरू झालं. तो खिमा छकूला पुन्हा जमेना. जमणार कसा? तिनं तेच माप घेतलं, तीच अळंबी, त्याच कंपनीचं तेल. कोरडा. तिनं भिजवायचा वेळ बदलला, यंत्राचा वेग बदलला. तरी कोरडा. "त्या दिवशी मी काय वेगळं केलं होतं?" ती मामांना विचारायची. "तू होतास ना इथे, आठव ना." मामा म्हणायचे, "मुरला असेल." मग तिनं मुरवत ठेवला तर तो आंबला. जावई म्हणाला, की आपण आचाऱ्याला थोडी वेगळी चव असेल म्हणून सांगू, तर ती त्याच्यावर ओरडली. लग्नानंतर पहिल्यांदाच ओरडली असावी, कारण तो कितीतरी वेळ हातातला चमचा तसाच धरून उभा राहिला.

महिना संपत आला. एका दुपारी छकू मागच्या खोलीत भांडी घासत होती आणि पुढे परातीत नवा घाणा होता. मामांनी डबा काढला. पुन्हा एकदा. आता सवय झाली असती. रोज सकाळी लवकर यायचं, डावभर घालायची, कुणाला कळायचं नाही, लेक सुखात, आचारी सुखात. झाकण अर्धं उघडलं तेवढ्यात आतून छकूचा आवाज आला. ती भांडी घासता घासताच बोलत होती, आवाज थकलेला.

"बाबा, मला वाटतं माझ्याच हातात खोट आहे. एकदा नशिबानं जमलं. मला खरं तर काही येत नाही."

मामांनी झाकण लावलं. डबा हातात घेऊन ते आत गेले आणि मोरीच्या कट्ट्यावर, साबणाच्या शेजारी, ठेवला.

"तुझ्या हातात खोट नाही," ते म्हणाले. "मी हे घातलं होतं."

छकूनं डब्याकडे बघितलं. तो कशाचा आहे हे तिला लहानपणापासून माहीत होतं. नळ चालूच होता. तिनं तो बंद केला नाही.

"कधी?"

"आचारी आला त्या दिवशी. तू पाव आणायला गेलीस तेव्हा."

"म्हणजे हॉलमध्ये नेलं ते..."

"तेच."

मग तिनं विचारलं ते मामांना अपेक्षित नव्हतं. त्यांना वाटलं होतं ती का म्हणून विचारेल. त्याचं उत्तर त्यांनी तयार ठेवलं होतं.

"मी खाल्लं तेव्हा तू बघत होतास?"

"हो."

"शेवटपर्यंत?"

"हो."

छकू ओल्या हातांनीच खाली बसली. "मी हे कुणासाठी करत होते माहीत आहे?" ती म्हणाली. "जगासाठी, जनावरांसाठी, हे सगळं खरंच आहे. पण रोज सकाळी बशी तुझ्यासमोर धरायचे ना, तेव्हा वाटायचं, एकदा बाबानं खाऊन म्हणावं की हे चालेल. मी जशी आहे तशी चालेल." तिनं डबा बाजूला सारला. "तू मलाच बदललंस आणि मग म्हणालास चालेल."

चूक झाली, असं मामा म्हणाले. ती म्हणाली, "ठीक आहे," आणि ते ठीक नव्हतं, हे दोघांनाही कळत होतं.

पुढच्या रविवारी ती दाराशी आली आणि म्हणाली, "चला. तुम्ही बरोबर यायचं. मी एकटी सांगणार नाही." मामीनं चमकून पाहिलं. जन्मापासून बापाला अरे-तुरे करणारी पोर अहो-जाहो करत होती. काय झालंय ते मामांनी मामीला सांगितलं नव्हतं. तिथे दारातच सांगावं लागलं. मामी रागावली नाही. तिनं मामांची चप्पल सरळ करून पुढे ठेवली आणि म्हणाली, "जा. आणि मान खाली घालून उभे राहू नका. तोंड दाखवा."

हॉलमध्ये मामांनी तोंड दाखवलं. जे झालं ते स्वतःच्या तोंडानं सांगितलं, कारण छकूनं सुरुवात केली आणि तिला पुढे बोलवेना. तो तरुण ताडकन उठून बाहेर गेला आणि जाताना दार आपटून गेला. दोघीतिघी रडल्या. एक गृहस्थ समजुतीनं म्हणाले, की झालं ते झालं, डावभर चरबीनं काय होतंय. तर छकू त्यांच्यावरच चिडली. डावभर की घमेलंभर हा प्रश्नच नाही, ती म्हणाली. आमच्या तोंडात काय जावं हे आम्ही ठरवलं होतं.

गाण्याच्या बाई शेवटी बोलल्या. शांतपणेच बोलल्या, आणि मामांना ते ओरडण्यापेक्षा जड गेलं.

"मला आवडलं होतं हो," बाई म्हणाल्या. "घरी जाऊन मी बहिणीला फोन करून सांगितलं, की आई भेटल्यासारखं वाटलं. आता ते आवडणं मी कुठे ठेवू? आणि मी रडत होते तेव्हा तुम्ही रुमाल दिलात मला. तेव्हा तरी सांगायचं."

कँटीनच्या आचाऱ्याला फोन केला तर तो मनापासून हसला. त्याची काही तक्रार नव्हती. चरबी घालूनच देत जा, माझी माणसं सगळं खातात, पाटीवर काय लिहायचं ते मी बघतो, असं म्हणाला. छकूनं नाही सांगून फोन ठेवला. जावयानं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि यंत्राची वायर गुंडाळायला घेतली. त्या महिन्याअखेर त्यांनी दुकान सोडलं आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला एक खोली घेतली. किल्ली छकूनं मामीच्या हातात दिली.

शटर पुन्हा खाली आलं. फळवाला समजूत काढायला आला. हल्लीच्या पोरांना नसती सोंगं सुचतात, असं तो म्हणाला. अरे, थोडी चरबी पोटात गेली म्हणून कुणी मेलं का?

"मेला ना," मामा म्हणाले. "मेंढा."

फळवाल्याला तो विनोद वाटला आणि तो हसला. मामांना मात्र स्वतःच्याच तोंडचं ऐकून चमकायला झालं. उभ्या जन्मात त्यांनी मेंढा धरताना मान धरली होती, वजन धरलं होतं, भाव धरला होता; मेला असं कधी धरलं नव्हतं. त्यामुळे ते काही मांस खायचे थांबले नाहीत. पण त्या दिवशी वाटीला त्यांनी हात लावला नाही आणि मामीनंही ती पुढे सरकवली नाही.

छकूचं नव्या जागेत हळूहळू बस्तान बसलं. ती आता खिमा करत नाही. वाटाण्याचे, अळंबीचे पॅटीस करते आणि पाटीवर तेच लिहिते, कशासारखं म्हणून लिहीत नाही. हजार ताटं निघत नाहीत, पण दोन शाळा आणि एक वसतिगृह रोज घेतं. गाण्याच्या बाई आता तिच्याकडचं काही खात नाहीत. मेळाव्यात भेटतात, पाठीवर हात ठेवतात, बशी मात्र पुढे जाऊ देतात. छकूला त्याचं वाईट वाटतं आणि ती ते बोलून दाखवत नाही.

मामांनी तिच्याकडे काम मागितलं. मागताना त्यांना कसंतरीच वाटलं, पण घरी बसवत नव्हतं. तिनं विचार करायला वेळ घेतला आणि मग हो म्हणाली. तेव्हापासून मामा सकाळी जातात आणि बांधलेली, चिकटपट्टी मारलेली खोकी हातगाडीवर रचून वसतिगृहापर्यंत पोचवतात. उघड्या भांड्याजवळ जायचं नाही असं तिनं कधी सांगितलं नाही. मामाच दाराच्या आत पाऊल टाकत नाहीत.

परवा असं झालं, की मोठं पातेलं उतू जायला आलं. जावई बाहेर होता, छकूचे दोन्ही हात पिठात होते. "बाबा," तिनं हाक मारली, "जरा गॅस कमी करा." मामा आत गेले. पातेल्यातून वाफ येत होती, झाकण बाजूला पडलं होतं. त्यांनी वाकून गॅसचं बटण फिरवलं, आच बारीक केली आणि सरळ झाले. तेवढ्यात त्यांना जाणवलं, की छकूचे हात थांबलेत. ती त्यांच्या हातांकडे बघत होती. दोन्ही हातांकडे, रिकामे आहेत की नाहीत ते. तिनं लगेच नजर काढून घेतली आणि पीठ मळायला लागली. पण मामांनी ते पाहिलं होतं आणि त्यांनी पाहिलं हे तिलाही कळलं होतं.

मामा बाहेर आले, खोकी मोजून गाडीवर चढवली, दोरी आवळली आणि वसतिगृहाच्या रस्त्याला लागले.